प्रवेशपरीक्षेत गुण चांगले, बारावीत कमी: महाविद्यालयांची यादी करण्यापूर्वीची तयारी

बारावीचे गुणपत्रक आणि अभियांत्रिकीच्या जेईई मेन या प्रवेशपरीक्षेचे स्कोअरकार्ड शेजारी शेजारी ठेवले, की काही घरांत ते दोन वेगळ्या विद्यार्थ्यांचे कागद वाटतात. एकावर 97 पर्सेंटाइल असतात, म्हणजे सुमारे 97 टक्के परीक्षार्थी मागे, आणि दुसऱ्यावर 71 टक्के. बडोद्यातील ओळखीच्या घरांत मुलांचे प्रवेश-अर्ज भरण्यास मदत करताना मी हे वारंवार पाहिले आहे. अशा वेळी काही पालक रँक आली म्हणून बारावीचा विचारच सोडून देतात, तर काही जण बारावीचा आकडा पाहून हाती आलेल्या रँकेवरचाही विश्वास गमावतात. दोन्हींमुळे मुलांचे नुकसान होते, कारण बारावीच्या गुणांकडे प्रत्येक संस्था वेगळ्या नजरेने पाहते. म्हणून शाखा, वसतिगृह, शुल्क आणि प्लेसमेंट यांची चर्चा सुरू होण्याआधी एक प्रश्न लिहून काढावा: ही संस्था बारावीचे गुण केवळ उंबरठा म्हणून पाहते, की प्रवेशाच्या मापात त्यांचे वजन धरते?

हा फरक समजण्यासाठी बडोद्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. लालबागेतील गतिशक्ती विश्वविद्यालयाच्या बी.टेक.च्या जागा जेईई मेनच्या रँकेवर, जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींसारख्या संस्थांच्या सामायिक जागावाटपाच्या, फेऱ्यांतून भरल्या जातात. तेथे बारावीच्या गुणांनी रँक वर-खाली होत नाही. एनआयटी, ट्रिपलआयटी आणि जोसातील इतर संस्थांप्रमाणे पात्रतेची अट पार केली, की पुढचे सारे रँकेवर ठरते. याच शहरात कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत, राज्याच्या कोट्यातून जायचे असेल तर एसीपीसीची, म्हणजे गुजरातच्या प्रवेश समितीची, गुणवत्ता यादी लागते. त्या यादीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांतील बारावीच्या थिअरी गुणांचे पर्सेंटाइल निम्मे, आणि गुजसेट या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचे पर्सेंटाइल निम्मे धरले जाते. पूर्वी हे प्रमाण 60:40 असे होते आणि त्यात मोठा वाटा बारावीचा होता. समजा, एका मुलाचे बोर्डातील पर्सेंटाइल 60 आणि गुजसेटचे 96 आहे, तर त्याची बेरीज 78 होते. दुसऱ्याचे अनुक्रमे 85 आणि 80 असल्यास ती 82.5 होते. जुन्या प्रमाणाने पहिल्याला 74.4 आणि दुसऱ्याला 83 मिळाले असते. म्हणजे अंतर कमी झाले आहे, पण मिटलेले नाही. प्रवेशपरीक्षेत पुढे असलेल्या मुलाने कलाभवनाचे नाव यादीत जरूर ठेवावे; मात्र अपेक्षा जेईईच्या रँकेवर न बेतता या बेरजेवर बेतावी.

घरातील थोरल्या भावंडांचा सल्ला ऐकताना त्यांनी प्रवेश कोणत्या वर्षी घेतला, हे आधी विचारावे. 2013 ते 2016 या काळात जेईई मेनच्या रँकेत बारावीच्या गुणांचा वाटा 40 टक्के होता आणि तो 2017 पासून काढून टाकण्यात आला. गुजरातमध्येही त्याच चार वर्षांत राज्याचे अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेनवर होत असत आणि गुजसेट त्यासाठी 2017 मध्ये परत आली. त्यामुळे 2015 मध्ये प्रवेश घेतलेल्या चुलत भावाचा अनुभव प्रामाणिक असला, तरी आजच्या मुलाला तो लागू पडत नाही.

आता त्या पात्रतेच्या अटीविषयी, कारण सर्वांत जास्त घोटाळे येथेच होतात. आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपलआयटीसाठी खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) वर्गाला बारावीत 75 टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 65 टक्के हवेत. किंवा विद्यार्थी आपल्या बोर्डात, आपल्या प्रवर्गात, वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असला पाहिजे. हा 'किंवा' फार महत्त्वाचा आहे. वरच्या 20 पर्सेंटाइलची रेषा प्रत्येक बोर्डाची आणि प्रवर्गाची वेगळी असते, त्यामुळे 75 हुकले म्हणून निराश होण्याआधी आपल्या बोर्डाचा त्या वर्षाचा आकडा शोधावा. टक्केवारी मोजताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच विषय धरले जातात. ज्याचे गुण भौतिकशास्त्रात 71, रसायनशास्त्रात 69, गणितात 76, इंग्रजीत 78 आणि संगणकात 88 आहेत, त्याची बेरीज 382, म्हणजे 76.4 टक्के होते आणि एनआयटीचे दार उघडे राहते. मात्र बिट्स पिलानी तीन मुख्य विषयांत मिळून 75 टक्के आणि प्रत्येकात किमान 60 मागते. या मुलाची तीन विषयांची सरासरी 72 येते, त्यामुळे बिटसॅट या तिच्या प्रवेशपरीक्षेत कितीही गुण मिळवले तरी तेथे प्रवेश मिळणार नाही. एकाच गुणपत्रकातून दोन टक्केवाऱ्या निघतात, म्हणून घरातील वहीत दोन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात आणि कोणती संस्था कोणती मोजते, ते प्रत्येक नावापुढे नोंदवावे.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. माझ्या भाच्याला जेईई मेनमध्ये 97 पर्सेंटाइल होते आणि सीबीएसईच्या बारावीत 71 टक्के. त्या वर्षी आमच्यापैकी कोणीही ती अट मन लावून वाचली नव्हती. वरच्या 20 पर्सेंटाइलची रेषा तर 75 च्याही वर होती, म्हणजे तोही मार्ग नव्हता. जोसाच्या फेरीत त्याला जागा मिळाली, घरी पेढे वाटले गेले आणि कागदपत्रांच्या पडताळणीत ती गेली. खरी हळहळ त्यानंतरची आहे: गुजसेट किरकोळ परीक्षा आहे असे म्हणून आम्ही तिचा अर्जच भरला नव्हता, त्यामुळे राज्याच्या यादीतही त्याचे नाव नव्हते. चूक संपूर्णपणे आम्हा मोठ्यांची होती, आणि एक वर्ष त्या मुलाचे गेले.

म्हणून या तयारीचा आरंभ निकालाच्या दिवशी होत नाही. गुजसेटचा अर्ज बोर्डाच्या परीक्षेआधीच भरावा लागतो, त्यामुळे डिसेंबरपासूनच बोर्डाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे आणि जेईईची तयारी कितीही जोरात असली तरी हा अर्ज सोडू नये. ही परीक्षा 120 गुणांची असते, तीन विषयांचे प्रत्येकी 40, आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो. जेईईचा अभ्यास केलेल्या मुलाला अभ्यासक्रम नवा नसतो, पण वेग लागतो, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात घड्याळ लावून काही जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. पूर्वपरीक्षेचे गुण पाहून बारावी 75 च्या आसपास अडकेल असे दिसत असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत भाषा आणि पाचवा विषय यांना रोज तासभर द्यावा. बोर्ड पायऱ्या, व्याख्या आणि आकृत्या यांना गुण देते, आणि पर्यायी उत्तरांच्या सवयीमुळे हुशार मुले नेमकी तिथेच गुण गमावतात.

निकाल लागल्यावर गुण अनपेक्षितरीत्या कमी वाटले, तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची प्रत मागण्याची मुदत फार थोडी असते. पहिल्याच दिवशी तारखा टिपून घ्याव्यात. सीबीएसईच्या विद्यार्थ्याला त्याच वर्षीच्या पूरक परीक्षेत एका विषयाचे गुण सुधारता येतात. गुजरात बोर्डानेही विज्ञान शाखेत उत्तीर्ण विद्यार्थ्यांना गुण सुधारण्याची संधी अलीकडे दिली आहे. मात्र पूरक परीक्षेचा निकाल प्रवेशाच्या फेऱ्यांआधी लागतो की नंतर, हे कॅलेंडरवर मांडून पाहावे; उशिरा आलेले सुधारित गुण त्या वर्षी कामाला येत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचे असेल, तर जेईई मेन सलग तीन वर्षे आणि आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षे देता येते, हा हिशेब आधी करावा. माझ्या मते, दोन-तीन टक्क्यांसाठी वर्ष घालवण्याचा निर्णय मुलाने स्वतः मागितला तरच घ्यावा.

आपल्यासारख्या बडोद्यातील मराठी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक पाहण्याजोगी आहे. पुण्याला मावशी किंवा मुंबईला काका असल्यामुळे महाराष्ट्रातील महाविद्यालये आपल्याला घरचीच वाटतात, परंतु मातृभाषा मराठी असणे हा महाराष्ट्राच्या अधिवासाचा पुरावा ठरत नाही. एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा देण्याआधी आपला मुलगा तेथील प्रवेशनियमांनुसार कोणत्या गटात मोडतो, आई-वडिलांपैकी कोणाचा अधिवास दाखला उपलब्ध आहे आणि अखिल भारतीय जागांसाठी कोणत्या परीक्षेचे गुण धरले जातात, हे नियमपुस्तिकेत वाचावे. एनआयटीच्या निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी जेथून उत्तीर्ण केली त्यावरून. बडोद्यातून बारावी केलेल्या मुलाला सुरतेच्या एसव्हीएनआयटीत गृहराज्याचा लाभ मिळतो. तोच मुलगा अकरावी-बारावीसाठी पुण्याला गेला असता तर त्याचे गृहराज्य महाराष्ट्र झाले असते आणि हा लाभ नागपूरच्या व्हीएनआयटीत मिळाला असता. धाकट्या भावंडाला कोटा किंवा पुणे येथे पाठवण्याचा विचार चालू असल्यास तो याच गणितासह करावा.

अभियांत्रिकीपलीकडेही या मुलांसाठी बरेच काही आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये बारावीची अट केवळ पात्रतेपुरती आहे. पुढे सर्व नीटच्या गुणांवर चालते. गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा प्रवेश क्लॅट या विधी प्रवेशपरीक्षेवर होतो. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेमध्ये बारावी उत्तीर्ण असणे पुरते आणि निवड तेथील कल-चाचणीवर होते. सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेचीही स्वतःची चाचणी आहे. दिल्ली विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांनी 2022 पासून सीयूईटी या सामायिक प्रवेशपरीक्षेचे गुण धरले आहेत आणि दिल्लीत बारावीचे गुण समान गुणांच्या वेळी तोड काढण्यापुरते पाहिले जातात. याउलट गुजरातमधील राज्य विद्यापीठांच्या बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.चे बहुतेक प्रवेश जीकॅस या राज्याच्या सामायिक प्रवेश पोर्टलवरून बारावीच्या गुणांनुसार होतात. शुद्ध विज्ञानाची ओढ असलेल्या, पण बारावीत मागे पडलेल्या मुलीला मी म्हणूनच आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची परीक्षाही सुचवतो.

परदेशाचा विचार असल्यास रीत बदलते. अमेरिकेतील विद्यापीठे बारावीचा एक आकडा न पाहता नववीपासूनच्या चार वर्षांचे गुण मागतात, आणि सॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेचा चांगला स्कोअर त्या गुणांची जागा घेत नाही. एमआयटीने 2022 मध्ये सॅटची अट पुन्हा लागू केली, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा प्रवेशाचा निर्णय घेताना सॅट पाहतच नाहीत. त्यामुळे ज्याचा सॅट गुणपत्रकापेक्षा भक्कम आहे, त्याने सॅट मागणाऱ्या विद्यापीठांना यादीत वर ठेवावे आणि कॅलिफोर्नियाच्या शाखांवर अर्जाचे शुल्क खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा. शाळेकडून चारही वर्षांचे प्रमाणित गुणपत्रक आणि शिक्षकांचे शिफारसपत्र घ्यायला वेळ लागतो. दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी ते मागावे.

कागदपत्रांबाबत थोडेच, पण नेमके सांगतो. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले जोसासाठी त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचे लागतात, म्हणून मागच्या वर्षीच्या दाखल्यावर विसंबू नये. गुजरातची एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) यादी आणि केंद्राची ओबीसी यादी वेगळ्या आहेत. आपली जात दोन्हींत आहे का, हे पाहून दोन नमुन्यांतील दाखले काढावेत. नावातील फरक हा आपल्या घरांत नेहमीचा त्रास आहे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'सुरेशभाई', आधारवर 'सुरेश' आणि जुन्या कागदांवर 'सुरेशराव' असे असेल, तर दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र उन्हाळ्याआधीच करून घ्यावे.

शेवटचे काम पसंतीक्रम भरण्याचे. जोसामध्ये मिळणे अवघड आहे म्हणून आवडते नाव खाली ढकलू नये; वरचे नाव न मिळाल्याने खालच्या नावाची संधी कमी होत नाही. मागील वर्षांच्या शेवटच्या रँक पाहाव्यात, पण क्रम मुलाच्या इच्छेने लावावा. बारावीची अट काठावर असेल, तर जोसाची जागा पडताळणीत पक्की होईपर्यंत एसीपीसीतील जागा सोडू नये आणि फ्रीझ (मिळालेली जागा पक्की), स्लाइड (त्याच संस्थेत वरच्या पसंतीच्या शाखेची वाट पाहणे), फ्लोट (कोणत्याही वरच्या पसंतीची वाट पाहणे) यांपैकी काय निवडले ते वहीत तारखेसह लिहावे. यादी लॉक करण्याच्या आदल्या संध्याकाळी ती कागदावर छापून मुलासोबत वाचावी आणि प्रत्येक नावापुढे त्या संस्थेची बारावीची अट आपण पूर्ण करतो की नाही याची खूण करावी. जिथे खूण करताना हात अडखळतो, तिथे त्या संस्थेची नियमपुस्तिका त्याच रात्री पुन्हा उघडावी.