एक्सपोर्ट करताय? मग या चुका टाळा, निदान त्याच त्याच तरी नका करू

दिवाळी झाली की माझा फोन सुरू होतो. "सर, दुबईत कांदा किती रुपये किलो आहे माहितीये का? आणि लासलगावला बघा काय भाव चाललाय, मधले पैसे खातं कोण?" सतरा वर्षं एक्सपोर्टची कागदपत्रं करतोय, आधी दुसऱ्याकडे नोकरी आणि आता स्वतःचं, आणि हा प्रश्न दर सीझनला नव्या आवाजात येतोच. कोणी खात नाही बाबांनो. तुम्ही बघितलेला भाव सुपरमार्केटच्या फळीवरचा, त्यात तिथल्या दुकानदाराचं भाडं आहे, होलसेलरचा नफा आहे, घट आहे, ड्युटी, जहाजाचं भाडं, रीफरचं (थंड कंटेनरचं) भाडं, न्हावाशेवा बंदरापर्यंतचा ट्रेलर, गोणी, हमाली, सगळं आहे. तुलना करायची तर तिथल्या होलसेल मार्केटच्या भावाशी करा, आणि त्यातून एकेक खर्च वजा करत आपल्या खळ्यापर्यंत या. रील बघून कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका एवढंच.

आता माझी सगळ्यात लाडकी चूक. एलसी न वाचणं. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, ठरलेले कागद बरोबर दिले तर पैसे देऊ असं बायरच्या बँकेचं पत्र. "सर एलसी आलीय, पेमेंट सेफ आहे" असं म्हणून लोक गाडी भरायला घेतात. अहो, एलसी म्हणजे पैसे नाहीत, एलसी म्हणजे अटी. यूसीपी ६०० म्हणून जे नियम जगभरच्या बँका पाळतात त्यात सरळ लिहिलंय की बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. तुमचा कांदा सोन्याचा असला तरी बँक कागद बघणार.

हे मी पुस्तकात वाचून नाही शिकलो. नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं, कांदा बांगलादेशला चाललेला, ट्रकनं, बॉर्डरपर्यंत चार-पाच दिवस. एलसीत बायरच्या नावाच्या शेवटी 'ट्रेडर्स' होतं, मी इनव्हॉइसवर 'ट्रेडिंग' टाइप केलं. जुनी फाइल कॉपी केलेली, त्यात दुसऱ्या पार्टीचं नाव तसंच राहिलेलं, शॉर्टकट मारला दुसरं काय. गाड्या बॉर्डरला पोचल्या, कागद बँकेत गेले आणि डिस्क्रिपन्सी, म्हणजे एलसीशी जुळत नाहीत म्हणून परत. मला वाटलं फोन करू, बायर ओके म्हणेल, मिटलं. कारण आधीच्या महिन्यात असंच एक स्पेलिंग चुकलेलं आणि त्यानं काही न बोलता ॲक्सेप्ट केलेलं. पण आधीच्या महिन्यात ढाक्याचा भाव चढा होता! आता तिकडचा लोकल कांदा बाजारात आला होता, भाव पडलेला, आणि बायरला मी टाइप केलेलं ते एक नाव देवासारखं पावलं. "दादा, टनाला चाळीस डॉलर कमी करा, लगेच ॲक्सेप्ट करतो." गाड्या उन्हात, ताडपत्रीखाली वास सुरू झालेला, शेठ समोर बसलेले. करतो काय? केले कमी. शेठ त्या दिवशी मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हा कळलं की भाव चढता असला की सगळे बायर सज्जन, आणि भाव पडला की तोच माणूस भिंग घेऊन बसतो. म्हणून तुमचे कागद पडत्या भावात टिकतील असे करायचे.

माझी पद्धत जुनाट आहे, हसा हवं तर. एलसीचा प्रिंट काढतो, मोबाइलवर वाचत नाही. ऑफिसातला पोरगा एलसी मोठ्यानं वाचतो, मी इनव्हॉइसवर बोट ठेवून बघतो, स्वल्पविरामासकट. जे जमणार नाही (शिपमेंटची तारीख, एखादं भलतंच सर्टिफिकेट) त्यावर लाल पेन, आणि अमेंडमेंट, म्हणजे एलसीतली दुरुस्ती, हातात येईपर्यंत खळ्यावरून एक गोणी हलत नाही. आणि जुनी फाइल कॉपी करून त्यावर नवीन इनव्हॉइस? माझ्याकडे बंद आहे ते, कोरा फॉर्म घ्या आणि भरा. वीस मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

दुसरी मोठी चूक म्हणजे सरकार नावाची पार्टी विसरणं. करारात दोनच सह्या असतात पण खरं तर चार जण असतात, तुम्ही, बायर, आपलं सरकार आणि त्यांचं. कांद्याचंच बघा: ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरपासून थेट बंदी. मग ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क घेऊनच, सप्टेंबरात ती अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही शून्य. तिकडे बांगलादेशनं त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून मार्च २०२३ पासून जूनपर्यंत आयात परमिटं थांबवलेली. आणि आमचे भाऊ सहा महिन्यांचा फिक्स रेट देऊन मोकळे.

२०२३ च्या त्या बंदीच्या डिसेंबरात माझ्या एका पार्टीचे पाच रीफर निघाले होते. दोन बंदीआधीच कस्टम्सच्या ताब्यात गेलेले, त्यांना बंदीच्या नोटिफिकेशनमधल्या सवलतीत सोडलं. तीन बाहेर पार्किंगला, कारण शिपिंग बिलात (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदात) वजन दुरुस्त करायचं होतं आणि "उद्या करू सर" झालेलं. ते उद्या काही आलं नाही. चांदवडला शेतकरी बंदीविरुद्ध हायवेवर बसलेले, आणि आमचा तीन रीफरचा माल शेवटी वाशी मार्केटला उतरला, तिथं तर आधीच कांद्याचा ढीग. रीफरचं भाडं वर. तेव्हापासून मी सांगतो, कांद्याचा रेट एका शिपमेंटचाच द्या, करारात सरकारी बंदीचं कलम टाका, आणि कागद पूर्ण असल्याशिवाय गाडी काढू नका. ज्याला घाई आहे त्यानं दुसरा माणूस बघावा, मी हे तोंडावर बोलतो.

बाकीच्या पटापट सांगतो. एलयूटी (आधी जीएसटी न भरता एक्सपोर्ट करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नवीन भरावी लागते, एप्रिलात विसरता आणि मग जीएसटीसाठी पैसे अडकले म्हणून रडता. एडी कोड (परदेशी पेमेंट घेणाऱ्या तुमच्या बँकेचा कोड) पोर्टला रजिस्टर नसेल तर शिपिंग बिलच होत नाही, हे कंटेनर भरल्यावर विचारू नका. दुबईच्या बायरला १ मे २०२२ पासूनच्या भारत-यूएई करारातली ड्युटी सवलत हवी असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा याचा दाखला) त्याच कराराचं लागतं, साधं चालत नाही. सीआयएफ रेटनं विकलं म्हणजे भाडं आणि विमा तुमचा, पण जोखीम माल जहाजावर चढला की बायरची, हे निम्म्या जुन्या लोकांनाही माहीत नाही. आणि 'माल अमुक तारखेला पोचेल' असं लिहून देऊ नका, जहाजावर चढण्याची तारीख द्या. लाल समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, द्राक्षं तेवढे दिवस जास्त पेटीत.

द्राक्षांवरून आठवलं. जानेवारीत फोन येतो, "युरोपला पाठवायचीत." प्लॉट ग्रेपनेटला, म्हणजे युरोपला जाणाऱ्या द्राक्षबागांच्या आणि औषधांच्या अंशांच्या तपासणीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, रजिस्टर आहे का? "ते काय असतं?" मग नाही जमणार. २०१० ला क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर युरोपात अडकले तेव्हा नाशिकच्या बागायतदारांचं काय झालं ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.

शेवटची एक, व्हॉट्सॲपच्या फोटोवर बायरचा क्लेम (माल खराब निघाला, पैसे कापतो) मान्य करणं. मागच्या सीझनला एका नवीन पोराचा फोन, रडकुंडीला आलेला, बायर म्हणतोय डाळिंबं सडली, तीस टक्के कापणार. म्हटलं फोटो पाठव. सडलेली डाळिंबं होती खरी, पण पेटीवरची टेप खाकी. "तुझी टेप कुठली रे?" हिरवी, म्हणाला, भरतानाचे फोटो पण आहेत. त्याला बायरला फक्त दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाठवायला सांगितले, सोबत एक ओळ, की माल तपासणारा तिथला सर्व्हेअर बोलवू, फी आम्ही देतो. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी पैसे आले, फक्त बँकेचे चार्जेस कापून.