थंडी, तोडणी आणि देणं: छोट्या वायनरीने डिसेंबरच्या आधी काय काय करून ठेवायचं

आमच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात थंडी किती पडली ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यावरून कळतं, पारा ५-६ अंशांवर आला की पेपरात शेकोटीचे फोटो येतात आणि मग सगळ्यांना एकदम ब्लँकेट वाटायचं सुचतं, पण ज्याला ते हवं होतं त्याने तोपर्यंत महिनाभर कुडकुडत काढलेला असतो. म्हणून छोटी वायनरी चालवणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे, दिवाळी झाली की टाक्या, क्रेट, चिलर यांची यादी ज्या वहीत लिहिता त्याच पानावर थंडीत कुणाला काय द्यायचं त्याची यादी पण लिहा. हंगाम झाल्यावर उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही, कारण तोडणी जानेवारी ते मार्च, तेव्हा पैसा नुसता जात असतो, आणि त्या द्राक्षाची वाईन बाटलीत भरून विकली जाईपर्यंत कितीतरी महिने जातात, रेडची तर वर्षं.

आधी सेलरचं, म्हणजे वाईन बनवायच्या-साठवायच्या जागेचं उरकू. गेल्या हंगामातली व्हाईट टाकीत पडून असेल तर कोल्ड स्टॅबिलायझेशन, म्हणजे वाईन खूप गार करून ठेवणं, डिसेंबरातच करून घ्या, बाहेरची हवाच गार असते त्यामुळे चिलरवर लोड कमी येतो, टार्टरेटचे (द्राक्षातल्या आम्लाचे) खडे खाली बसतात आणि जानेवारीला टाकी मोकळी होते. क्रेट धुऊन उन्हात वाळवून ठेवायचे, कात्र्यांना धार लावायची, डिस्टेमर (देठ काढायचं यंत्र) आणि प्रेसचे (रस काढायच्या यंत्राचे) बेअरिंग बघायचे, मेटाबायसल्फाइटचा (वाईन टिकवायच्या पावडरीचा) डबा उघडा राहिला असेल तर नवीन आणायचा. बागेत मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागताना, कडाका आला तर मणी तडकतात, त्यामुळे पहाटे ड्रिप सोडायला माणूस ठरवून ठेवा आणि धुरासाठी ओला-सुका काडीकचरा बांधावर आधीच जमवा, रात्री दोन वाजता शोधत बसू नका. रेडचं दुसरं फर्मेंटेशन म्हणजे मॅलोलॅक्टिक गार सेलरमध्ये अडकून बसतं, त्याला १८ ते २२ अंश लागतात, तेवढी एक खोली उबदार ठेवायची सोय बघा.

एका गोष्टीवर मात्र थांबून बोलायचंय. थंडी वाजते म्हणून सेलरची दारं-खिडक्या बंद करून घ्यायची सवय फार वाईट. एक लिटर रस आंबताना ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड, खालीच साचतो, आणि रेडच्या टाकीत उतरून चोथा काढणारा पोरगा त्यातच वाकलेला असतो. गॅस मीटर घ्या, एक्झॉस्ट फॅन चालू आहे का बघा, टाकीत एकट्याने उतरायचंच नाही, बाहेर दुसरा माणूस पाहिजेच, आणि आतला कोसळला तर बाहेरच्याने मागोमाग उडी मारायची नाही हेसुद्धा शिकवून ठेवा. आणि हाच धोका मजुरांच्या खोलीत वेगळ्या रूपात असतो, रात्री शेगडी आत घेऊन दार लावून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग. तिथे जाऊन नुसतं "असं करू नका" सांगून भागत नाही, त्यांना पुरेशी पांघरुणं द्या म्हणजे शेगडी आत न्यायची वेळच येणार नाही.

तर आता मजूर. आमच्याकडे तोडणीला टोळ्या येतात त्या जास्त करून सुरगाणा, पेठ, कळवण भागातून, लहान लेकरं बरोबर असतात. त्या यायच्या आधी शेडवरची ताडपत्री बदला, झोपायच्या जागेखाली तट्टे टाका म्हणजे जमिनीचा गारवा अंगाला लागत नाही, आंघोळीला गरम पाणी म्हणजे बंब असो की सोलर, बायकांसाठी आडोशाची मोरी आणि संडास, आणि आतून कडी लागते का ते स्वतः बघा. तोडणी उजाडताच सुरू होते कारण द्राक्ष गारच प्रेसला गेलेलं बरं, पण तेव्हा पानावर दव असतं, बोटं बधिर होतात, कात्री हातात धरवत नाही, म्हणून हातमोजे (रबराचे नकोत, आतून कापडाचे), आणि काम चालू व्हायच्या आधी गरम चहा आणि काहीतरी पोटाला. थंडी लांबली तर साखर भरत नाही, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २२ च्या पुढे सरकत नाही आणि तोडणी आठवडा आठवडा पुढे जाते, तेव्हा टोळी बसून राहते. त्या खाड्यांचे पैसे कोण देणार हे मुकादमाशी आधीच बोला आणि आपण द्या. हा खर्च कृपा करून दानाच्या खात्यात दाखवू नका, तो मजुरीचाच खर्च आहे, हातमोजे आणि गरम पाणी पण त्यातच.

दान म्हणाल तर ते वायनरीच्या कुंपणाबाहेरच्यांसाठी. फ्रान्सात बोन गावच्या जुन्या धर्मादाय हॉस्पिटलच्या स्वतःच्या द्राक्षबागा आहेत आणि त्यांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होतो, अजूनही नोव्हेंबरातच, थंडीच्या तोंडावर. आपल्याला लिलाव-बिलाव जमणार नाही, पण विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे ठरावीक रुपये वेगळ्या खात्यात टाकणं कुणालाही जमतं. एप्रिलपासून टाकत गेलात तर नोव्हेंबरात हातात रक्कम असते.

मग खरेदीच्या आधी विचारायला जा. पाड्यावरच्या अंगणवाडी ताईंना आणि आशा ताईंना कुणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, कुठे नुकतीच बाळंतीण आहे हे तोंडपाठ असतं. शाळेतल्या गुरुजींकडून पोरांचे वयाप्रमाणे आकडे घ्या, सगळे स्वेटर एकाच मापाचे आणले तर निम्मे वाया जातात. आश्रमशाळेला द्यायचं असेल तर मुख्याध्यापकांना विचारा आणि नाशिक किंवा कळवणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला आधी पत्र द्या. बऱ्याचदा तिथे ब्लँकेटपेक्षा बंद पडलेला सोलर हीटर दुरुस्त करून हवा असतो, फोटोत छान दिसत नाही पण पोरांना रोज गरम पाणी मिळतं. पातळ, धुतल्यावर विरणारी ब्लँकेटं शंभर घेण्यापेक्षा जाड चाळीस घ्या. आणि पोरांच्या वस्तूंवर वायनरीचं नाव, लोगो काहीही छापायचं नाही, दारूची जाहिरात दप्तरावर जाता कामा नये, आणि घेणाऱ्याच्या हातात ब्लँकेट धरवून फोटो पण काढायचा नाही.

कागदाचं थोडक्यात. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायच्या कायद्यात नफ्याची अट ५ कोटींची आहे, आपण त्यात बसत नाही, त्यामुळे हे सगळं आपल्या मर्जीचं. ट्रस्टला देणार असाल तर चेक किंवा ऑनलाइन द्या, २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची टॅक्सची सूट (८०जी म्हणतात ती) मिळत नाही, आणि तुमच्या टॅक्सच्या पद्धतीत ती सूट बसते का हे सीएला आधीच विचारा. रक्तदान शिबिर ठेवलंत तर त्या दिवशी वाईन चाखायची टेस्टिंग रूम बंद.

वहीत शेवटी होळीची तारीख लिहा. सुरगाण्या-पेठकडच्या लोकांना दिवाळीपेक्षा होळी मोठी, त्या आठवड्यात टोळी घरी जाणारच, तेव्हा उशिरा पिकणारा कॅबर्ने त्याआधी किती निघतो आणि नंतर किती राहतो याचा हिशोब जानेवारीतच मांडा, दिलेली उचल वजा करून बाकी पैसे निघायच्या आदल्या दिवशी हातात द्या, आणि घरापर्यंत सोडायला पिकअप सांगून ठेवा.