जुने इजिप्शियन चित्रपट पाहताना पात्राचा धर्म कसा ओळखावा

कैरोमध्ये १९३० ते १९५० च्या दशकांत निघालेले कितीतरी चित्रपट आज इंटरनेटवर पाहता येतात. त्यांत कोण ज्यू आणि कोण मुस्लिम हे क्वचितच उघड सांगितले जाते, कारण तेव्हाच्या प्रेक्षकाला ते नुसत्या नावावरून कळत असे. आपल्याला कळत नाही, म्हणून थोडी पूर्वतयारी लागते.

कथानकाआधी चित्रपटाचे साल पाहावे. १९४८ चे अरब-इस्रायल युद्ध आणि १९५६ चा सुएझ संघर्ष (इजिप्तवर इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी केलेला हल्ला) या दोन खुणा मनात पक्क्या ठेवाव्यात, कारण त्यानंतर इजिप्तमधील बहुतेक ज्यूंनी देश सोडला किंवा त्यांना तो सोडावा लागला. तोगो मिझराही या अलेक्झांड्रियाच्या ज्यू दिग्दर्शकाच्या १९३० च्या दशकातील विनोदी चित्रपटांत शालोम नावाचा गरीब ज्यू नायक भेटतो. त्याची फजिती होते ती धर्मामुळे नव्हे, तर खिशात पैसे नसल्यामुळे.

पुढची पायरी नावांची. १९४९ च्या ‘फातमा, मारिका आणि राशेल’ या चित्रपटात नायक ज्या तिघींच्या मागे लागतो, त्या अनुक्रमे मुस्लिम, ग्रीक आणि ज्यू आहेत, हे शीर्षकातच कळून चुकते. बोलण्यातील ‘वल्लाही’ (देवाशपथ) किंवा ‘इन्शाल्ला’ (देवाची इच्छा असेल तर) यांवरून मात्र काहीही ठरवू नये. अरबी बोलणारे ज्यू आणि ख्रिस्तीही हे शब्द सहज वापरतात. उपशीर्षकांवर विसंबणारा प्रेक्षक इथेच हमखास फसतो.

नटाचा धर्म आणि पात्राचा धर्म यांची गल्लत टाळणे सर्वांत कठीण आहे, आणि त्यासाठी गायिका-अभिनेत्री लैला मुराद यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. गायक झाकी मुराद यांची ही मुलगी ज्यू घराण्यात जन्मली, नट-दिग्दर्शक अन्वर वग्दी यांच्याशी विवाह झाल्यानंतर तिने इस्लाम स्वीकारला, आणि या सगळ्या काळात ती पडद्यावर बहुधा ‘लैला’च राहिली. १९४० च्या दशकातील तिच्या अनेक चित्रपटांच्या शीर्षकांतच हे नाव आहे: खेड्यातली लैला, गरिबांची लैला, श्रीमंतांची लैला. हे नाव मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू अशा तिन्ही घरांत चालते, त्यामुळे प्रत्येक प्रेक्षकाला ती आपलीच वाटू शकत होती. (पुण्यात जन्मलेल्या ज्यू अभिनेत्री रूबी मायर्स पडद्यावर ‘सुलोचना’ झाल्या, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला नावाची ही किमया वेगळी समजावून सांगायला नको.) १९५२ मध्ये तिने इस्रायलला पैसे दिल्याची अफवा उठली आणि सीरियाने तिच्या गाण्यांवर व चित्रपटांवर बंदी घातली; इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी तिला निर्दोष ठरवले, तरी काही वर्षांतच तिची चित्रपटातील कारकीर्द संपली. तिचा चित्रपट पाहताना ही माहिती जवळ असावी. पण तिच्या प्रत्येक भूमिकेत ज्यूपण शोधत बसणे म्हणजे त्या अफवेचीच री ओढणे होय.

मग एकाच कल्पनेची दोन रूपे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. १९५४ च्या ‘हसन, मुर्कुस आणि कोहेन’मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू असे तीन भागीदार मिळून औषधांचे दुकान चालवतात आणि आपल्या नोकराला लुबाडण्यात तिघेही सारखेच तरबेज आहेत. २००८ मध्ये त्याच नावाची आठवण करून देणारा चित्रपट आला तेव्हा शीर्षकात ‘हसन आणि मुर्कुस’ एवढेच उरले. कोहेन कुठे गेला, याचे उत्तर चित्रपटात नव्हे, तर त्या दोन सालांच्या मधल्या इतिहासात शोधावे.

अलीकडच्या मालिकांना दोन साले असतात: दाखवलेले आणि प्रसारणाचे. २०१५ च्या रमजानमध्ये लागलेल्या ‘हारत अल्-यहूद’ या मालिकेत १९४८ च्या सुमारासची कैरोतील ज्यू वस्ती दिसते, परंतु त्यातून २०१५ च्या इजिप्तला आपला भूतकाळ कसा आठवावासा वाटतो हेच अधिक कळते. तिची ज्यू नायिका एका मुस्लिम लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात आहे, आणि तिचे नाव पुन्हा लैलाच ठेवलेले आहे.