भांडवल घेण्याआधी आणि घेतल्यावर

व्हेंचर कॅपिटल (नवउद्योगांत पैसा घालणारे फंड) किंवा प्रायव्हेट इक्विटीकडून (स्थिरावलेल्या कंपन्यांत मोठा हिस्सा घेणारे फंड) पैसा घ्यायचे ठरले, की संस्थापकाचे सारे लक्ष व्हॅल्युएशनच्या, म्हणजे कंपनीच्या ठरणाऱ्या किमतीच्या, आकड्यावर खिळते. माझ्या मते पहिली चौकशी वेगळीच करावी: समोरच्या फंडाचे हे कितवे वर्ष आहे? बहुतेक फंडांची मुदत साधारण १० वर्षांची असते आणि ती संपण्याआधी त्यांना हिस्सा विकून मूळ गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षी आलेला फंड धीर धरू शकतो, सहाव्या वर्षी आलेला मात्र लवकरच कंपनी विकण्याचा विषय काढतो. अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या व्हेंचर कॅपिटल संस्थेने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीमध्ये ७०,००० डॉलर घातले आणि ती कंपनी १९६६ मध्ये शेअर बाजारात उतरली. मधली नऊ वर्षे गुंतवणूक करणाऱ्या संस्थेला थांबता आले, कारण ती स्वतःच बाजारात नोंदलेली होती आणि तिच्यामागे फंडाच्या मुदतीचा तगादा नव्हता.

टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा मसुदा, हाती आल्यावर विक्रीचे दोन-तीन प्रसंग आकड्यांत मांडून पाहावेत. समजा, १० कोटी घेऊन २० टक्के हिस्सा दिला, म्हणजे गुंतवणुकीनंतरचे मूल्य ५० कोटी झाले. पुढे कंपनी २० कोटींनाच विकावी लागली, तर साध्या एकपट लिक्विडेशन प्रेफरन्समध्ये गुंतवणूकदार आपले १० कोटी आधी उचलतो आणि उरलेले १० कोटी इतरांना मिळतात. ‘पार्टिसिपेटिंग’ हा एक शब्द मसुद्यात आला, की उरलेल्यातलेही २ कोटी त्याचेच. विक्री १०० कोटींना झाली तर पहिल्या प्रकारात तो प्रेफरन्स सोडून आपला २० टक्के हिस्सा घेतो, म्हणजे २० कोटी; दुसऱ्यात आधीचे १० आणि उरलेल्या ९० मधले १८ मिळून २८.

इसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअर्सचा, साठा कोणाच्या हिश्शातून निघणार, हेही तपासावे. वरच्याच उदाहरणात १० टक्क्यांचा साठा गुंतवणुकीआधीच बाजूला काढायची अट असेल, तर संस्थापकांकडे ८० ऐवजी ७० टक्केच राहतात आणि ४० कोटी म्हणून सांगितलेले आधीचे मूल्य त्यांच्यापुरते ३५ कोटी ठरते. यावर घासाघीस करायला जाताना पुढच्या १२ ते १८ महिन्यांत भरायच्या पदांची यादी सोबत न्यावी. नुसत्या विनंतीने साठा कमी होत नाही, यादीने होतो.

पैसा खात्यात जमा झाल्यावर १३ आठवड्यांच्या रोकड प्रवाहाचा तक्ता दर सोमवारी अद्ययावत करावा आणि त्यात करार झालेली नव्हे, तर प्रत्यक्ष हाती येणारी वसुलीच धरावी. संचालक मंडळाला वाईट बातमी बैठकीत प्रथमच कळू देऊ नये. आधी एकेकाला फोन करावा.

प्रायव्हेट इक्विटीने कर्ज काढून बहुसंख्य हिस्सा घेतला असेल, तर हिशेबच पालटतो, कारण ते कर्ज बहुधा कंपनीच्याच ताळेबंदावर बसते. व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा १० कोटी आणि कर्ज त्याच्या चौपट असेल, तर १० टक्के दराने ४ कोटी व्याजातच जातात. कर, यंत्रसामग्री आणि परतफेड उरलेल्या ६ कोटींतून भागवावी लागते. अशा वेळी पहिल्या १०० दिवसांत नव्या बाजारपेठेपेक्षा थकलेली येणी, पडून असलेला माल आणि वर्षानुवर्षे न बदललेले विक्रीदर हाती घ्यावेत, आणि कर्जाच्या करारात मर्यादा घातलेली गुणोत्तरे (उदाहरणार्थ, कर्ज नफ्याच्या किती पट) दर महिन्याला स्वतः मोजावीत. मर्यादा मोडली जाईल असे दिसताच बँकेशी बोलणी सुरू करावीत, तिमाही संपण्याची वाट पाहू नये.