पावसाळ्यात खोलीसाठी इसेन्शियल ऑइलचं मिश्रण

घोडबंदर रोडचा फ्लॅट असो की नेरूळचा, जून ते सप्टेंबर खोलीत कोंदट वास येतोच. आधी कारण शोधा: ओल धरलेली भिंत, कपाटामागची बुरशी, एसीची न धुतलेली जाळी. इसेन्शियल ऑइलने, म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या सुगंधी तेलाने, बुरशी जात नाही. तिच्या वासावर लव्हेंडर टाकलं, की दोन्ही मिळून भलताच वास तयार होतो.

तेल घेताना बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव पाहा. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल तर ते कृत्रिम असतं. शंभर रुपयांत शुद्ध गुलाब किंवा चंदन मिळत नाही. संत्र्याचा किंवा निलगिरीचा थेंब कागदावर टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर साधं तेल मिसळलेलं असू शकतं. वाळा, पाचौली आणि चंदनाचे डाग राहतातच, त्यांना ही परीक्षा लावू नका.

मिश्रणात तीन प्रकार लागतात: पटकन उडणारं, मधलं आणि टिकणारं. नुसती लिंबू-संत्री घेतलीत तर तासाभरात वास संपतो. नुसता वाळा घेतला तर खोली जड वाटते. सुरुवातीला हे करून पाहा: देवदार ४ थेंब, वाळा १, लव्हेंडर ७, संत्रं ८. एकूण २० थेंब, म्हणजे साधारण १ मिली. टिकणारी तेलं (वाळा, देवदार) आधी घाला, संत्रं शेवटी. वाळ्याचं तेल मधासारखं घट्ट असतं. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवली की थेंब नीट पडतो. गवती चहा आवडत असेल तर संत्र्याचा एक थेंब कमी करून त्याचा एकच घाला. दोन घातले की बाकी सगळं दबतं.

लगेच हुंगून निकाल देऊ नका. पांढऱ्या जाड कागदाच्या पट्टीवर मिश्रण लावा आणि पाच मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या सकाळी वास घ्या. सकाळी जे उरतं, तेच खोलीत रेंगाळणार आहे. प्रमाण बाटलीवर लिहून ठेवा, नाहीतर जमलेलं मिश्रण पुन्हा जमत नाही.

आता वापरायचं कसं? पाण्याच्या डिफ्युजरमध्ये (वास पसरवणाऱ्या यंत्रात) १०० मिली पाण्याला ४-५ थेंब, अर्धा तास चालू, मग बंद. नाक वासाला सरावतं, म्हणून माणसं थेंब वाढवत जातात आणि डोकं दुखतं. शिवाय हे यंत्र हवेत वाफाराच सोडतं, त्यामुळे जुलैत बंद बेडरूममध्ये त्याचा उपयोग कमी, ओलावा जास्त.

पावसाळ्यात काड्यांचा डिफ्युजर बरा: बाटलीतलं तेल काड्यांतून वर चढतं आणि वास पसरतो. डायप्रोपिलीन ग्लायकोल (तेल पातळ करणारं बिनवासाचं द्रव) ४० मिली आणि मिश्रण १० मिली. वरचं प्रमाण दहापट केलं की संत्रं ४ मिली, लव्हेंडर साडेतीन, देवदार २, वाळा अर्धा मिली. थेंब मोजत बसू नका, सिरिंजने मोजा. बाटली काचेची हवी, कारण संत्र्याचं तेल काही प्लास्टिक विरघळवतं. तोंड अरुंद ठेवा. पाच-सहा रॅटनच्या (वेताच्या) काड्या घाला; बांबूच्या काडीत पेरांमुळे तेल नीट चढत नाही. बाटली पंख्याखाली ठेवली तर तेल लवकर संपतं. पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवणार असाल तर खाली बशी हवीच. सांडलेला थेंब पॉलिश उडवतो.

स्प्रे करताना तेल थेट पाण्यात घालू नका, ते वर तरंगतं आणि पहिल्याच फवाऱ्यात पडद्यावर डाग पडतो. १ मिली मिश्रणात ४-५ मिली पॉलिसॉर्बेट २० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव) आधी ढवळा, मग ४५ मिली उकळून गार केलेलं पाणी. यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.

घरात मांजर असेल तर टी ट्री नकोच, आणि कुठलंही तेल चालू असताना दार उघडं ठेवा. तान्ह्या बाळाच्या खोलीत निलगिरी, पुदिना आणि कापूर टाळा. दम्याच्या माणसाला आधी विचारा.

लिंबू-संत्र्याची उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. तिला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला की फेकून द्या.