एकट्यानं सायकलवर गावं फिरायची, तर आधी कुत्र्यांचं बघा

सायकल कोणती घ्यावी, टायरमध्ये हवा किती भरावी, हेल्मेट घालावं की नाही, हे इथं सांगत बसणार नाही. सायकल ठीकठाक आहे, हेल्मेट डोक्यावर आहे आणि तीस-चाळीस किलोमीटर तुम्हाला जड जात नाहीत, असं धरून चालतो. कुठल्या वाटेनं जाणार आणि साधारण किती वाजता परतणार, हे घरच्या एका माणसाला सांगून निघा. एकट्यानं जाण्याची तयारी म्हणजे एवढीच.

उदाहरणाला पुरंदर तालुका घेतो, कारण तिथले रस्ते माझ्या चांगले ओळखीचे आहेत. पुण्याहून सासवडला जायला दोन घाट. दिवे घाटात अवजड वाहनं फार, तिकडं सायकल घालू नका. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढा. चढ दम काढतो, पण वर आलं की भिवरी, बोपगाव, चांबळी अशी गावं लागत जातात. चढ नको असेल तर सायकल गाडीत टाकून थेट सासवड गाठा, त्यात कमीपणा काही नाही. सासवडहून सोनोरी सहा-सात किलोमीटर. तिथं मल्हारगड आहे. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी 1757 ते 1760 च्या सुमारास तो बांधला, आणि मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला मानतात. दुसरी वाट शिवरीची यमाई करत जेजुरीकडे, सासवडपासून सतरा किलोमीटरच्या आसपास. सोमवती अमावास्येला जेजुरी आणि पौर्णिमेला दत्ताचं नारायणपूर टाळा. गर्दीत सायकल ढकलत चालायला तुम्ही आलेला नाहीत.

फाट्यावर कुठं वळायचं कळेना, तर किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. नारिंगी दिसला की वळा.

आता वेळ. ‘पहाटे चारला निघा, रस्ते मोकळे असतात’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. देणाऱ्यानं शहराबाहेर सायकल काढलेली नसते. रस्ते मोकळे असतात ते माणसांपासून. अंधारात प्रत्येक वस्तीवरचं कुत्रं राखणीला असतं आणि त्याला आवरणारा माणूस आत झोपलेला असतो. पुण्याच्या बाजूला जानेवारीत सूर्य सातच्या जरा पुढं उगवतो, मेअखेरीला सहाच्या जरा आधी. पहिलं गाव लागेल तेव्हा उजाडलेलं हवं, या हिशोबानं घर सोडा. दूध घालायला निघालेल्या मोटारसायकली किटल्या वाजवत डेअरीकडे जाताना दिसल्या, की वेळ बरोबर आहे असं समजा. माणसं उठलेली आहेत आणि कुत्र्यांची निम्मी ड्यूटी संपलेली आहे.

मला खरा त्रास झाला तो या कुत्र्यांचाच. चढाचा नाही, उन्हाचा नाही, पंक्चरचाही नाही. त्यामुळं यावर जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, सगळी कुत्री सारखी नसतात. एसटी स्टँडवरची, पारावरची कुत्री रोज शंभर वाहनं बघतात. ती मानही वर करत नाहीत. रानातल्या वस्तीवरचं कुत्रं मात्र आपल्या हद्दीपुरतं भांडतं. बांधापासून बांधापर्यंत धावतं, हद्द संपली की थांबतं आणि मागं फिरून मालकाकडे बघतं. सोनोरीच्या बाजूला अंजिराच्या बागा आहेत (पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं), आणि बागेत माल असला की राखणीला माणूसही असतो, कुत्रंही. तिसरी जात पोल्ट्रीच्या शेडजवळची, गावाबाहेर चिकनवाले घाण टाकतात तिथली. ही टोळीनं असतात, मालक नसतो, हद्द नसते. अशी जागा लांबूनच वासानं कळते. तिथं दुसरा रस्ता असेल तर तो धरा, लांबचा पडला तरी.

चौथी धनगराची. रानात मेंढरं बसवलेली असली, की वाड्याभोवती, म्हणजे मेंढरांच्या तळाभोवती, दोन-तीन कुत्री असतात आणि ती उगाच भुंकत बसत नाहीत, सरळ येतात. त्यांचं काम लांडग्याला अडवण्याचं आहे, तुमच्या सायकलीचं त्यांना काही अप्रूप नाही. रस्त्याच्या कडेला मेंढरं किंवा घोडी दिसली की लांबच उतरा आणि मोठ्यानं हाक द्या, ‘ओ पाव्हणं, कुत्री आवरा!’ हाक ऐकू येते. वाड्यावरून कोणीतरी कुत्र्याला बोलावतं, मग तुम्ही सायकल हातात धरून चालत पुढं जायचं. मेंढरांच्या मधून कधीच नाही. लाज वाटून हाक न मारता जाणारे मी बघितले आहेत. पुढचं सांगायला नको.

आता नेहमीचे सल्ले. ‘जोरात पळव’ हा सगळ्यात वाईट. पळणाऱ्या चाकामागं आणि पायामागं धावणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. तुम्ही वेग वाढवलात की त्याला जोर येतो. सपाटीला ते तुम्हाला सहज गाठतं, चढाला तर विचारूच नका. आणि चावण्यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. कुत्रं पुढच्या चाकात आलं की तुम्ही डांबरावर तोंडावर पडता. ‘बिस्किटं टाक’ म्हणणाऱ्यानं परतीचा विचार केलेला नसतो, कारण परतताना तेच कुत्रं चार मित्र घेऊन उभं राहतं. लाथ मारायला पाय काढलात तर तोल गेलाच. आणि खिशात दगड घेऊन फिरू नका. वस्तीवरच्या कुत्र्याला दगड लागला तर मालक बाहेर येतो, आणि त्याचं म्हणणं रास्त असतं.

मी काय करतो ते सांगतो. वळणाआधी आणि वस्तीआधी घंटी वाजवतो. अचानक समोर आलेल्या माणसावर कुत्रं बिथरतं, आधी चाहूल लागलेल्यावर कमी. कुत्रं दिसलं की पायडल मारणं थांबवतो, वेग उतरू देतो, दोन्ही हात ब्रेकवर. ते भुंकत आलं तर दमदार आवाजात ‘हाड!’ म्हणतो. किंचाळायचं नाही, घरच्या माणसाचा असतो तसा जरबेचा आवाज हवा. तरी आलं तर उतरतो, कुत्र्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे सायकल मध्ये राहते. आणि चालू लागतो. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. पण चाक फिरायचं थांबलं, माणूस दोन पायांवर चालताना दिसला, की बहुतेक कुत्र्यांचा निम्मा राग तिथंच उतरतो. त्यांना माणूस रोजचा असतो. पाठ दाखवायची नाही, डोळ्यात रोखून बघायचं नाही. हद्द संपेपर्यंत चालायचं, आणि मागं फिरून ते गेल्याचं बघितल्यावरच सायकलवर बसायचं. बसायची घाई केली की परत पहिल्यापासून.

फारच जवळ आलं तर खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. गावातल्या कुत्र्याला याचा अर्थ चांगला कळतो. धनगराच्या कुत्र्यावर मात्र हा प्रयोग करू नका, ते मागं हटायला शिकलेलंच नसतं.

एवढं करून चावलंच, तर राइड तिथं संपली. नुसतं खरचटलं असलं तरी जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. बोअरवर, डेअरीत, कुठंही साबण मागा, मिळतो. गावात कोणीतरी तिखट नाहीतर चुना भरायला सांगेल. प्रेमानं सांगेल, पण ऐकू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचा पहिला डोस घ्या, आणि पुढचे डॉक्टर सांगतील त्या दिवशी, एकही न चुकवता. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शनही लागतं, ते स्वतःहून विचारा. ‘कुत्रं पाळलेलं आहे, काही होत नाही’ यावर विसंबू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून इथं मी कोणाचंच ऐकून घेत नाही.

बाकीचं सोपं आहे.

पंक्चर होणार, कारण कडेला वेड्या बाभळी आहेत आणि शेळ्यांसाठी तोडलेल्या फांद्या रस्त्यावर पडतात. जादा ट्यूब आणि पंप जवळ ठेवा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधून काढा, नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा बसाल.

सुगीत हुलगे, मटकी डांबरावर पसरलेली असते. त्यावर चाक घसरतं आणि ते कोणाचं तरी वर्षाचं धान्य आहे. उतरून कडेनं जा.

कोणी बघितलं की आधी तुम्ही रामराम घाला. ‘कुठनं आलात?’ याचं उत्तर थांबून द्या, पाणी आणि खरा रस्ता दोन्ही मिळतात.

नऊच्या सुमारास परतीला लागा. बोपदेव उतरताना वळणांवर बारीक खडी असते, तेव्हा ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नाही. आणि पुढचा एकटा कधीच दाबू नका.