कोडावरचं 'उन्हाचं औषध' जपून कसं लावावं

कोडावर लावायचं लोशन आणि 'लावून थोडा वेळ उन्हात बसा' एवढी सूचना हातात पडली, की उपचार सोपा वाटतो. कोल्हापुरात उन्हाला काय तोटा? पण अंग भाजतं ते इथेच. लोशनमधलं मेथॉक्सॅलेन (सोरॅलेन गटातलं औषध) एरवी गप्प असतं. उन्हातले यूव्हीए (अतिनील प्रकारचे, डोळ्यांना न दिसणारे) किरण पडले की ते काम सुरू करतं आणि मात्रा चुकली तर कातडीवर फोड येतात.

आधी डाग कोडाचाच आहे ना, हे सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवून घ्या. शिबंही पांढरी दिसतात, त्यांचा इलाज वेगळा. गरोदरपण, ल्युपस किंवा पोर्फिरिया (दोन्हींत ऊन बाधतं) किंवा पूर्वी झालेला त्वचेचा कर्करोग असेल तर आवर्जून सांगा. चालू गोळ्याही दाखवा: डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबाच्या थायझाइड गोळ्यांनी ऊन जास्त बाधतं. बारा वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून लावू नका.

बाजारात मिळणारं लोशन बहुधा १ टक्क्याचं असतं. अमेरिकेत तेवढ्या ताकदीचं लोशन रुग्णाच्या हाती देतच नाहीत, डॉक्टर स्वतः लावतात. आपल्याकडे घरी लावतात, म्हणून ते किती पातळ करायचं आणि कशात, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

लावायच्या दिवशी डागाभोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीन लावा, नाहीतर कडेला काळी कड उठते. मग कापसाच्या काडीने डागाच्या आतल्या आतच पातळ थर द्या. पापण्या आणि ओठांजवळ तर विचारल्याशिवाय नाहीच. हात साबणाने धुवा. बोटांना लागलेलं औषधही उन्हात तितकंच भाजतं.

साधारण २० ते ३० मिनिटं सावलीत थांबून गच्चीवर जा, मोबाइलवर टायमर लावूनच. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच मिनिटं. अनेकदा ती एक-दोनच असतात. लावायच्या प्रत्येक दिवशी घड्याळातली वेळ तीच ठेवा. सकाळी आठचं आणि बाराचं ऊन सारखं नसतं, त्यामुळे वेळ बदलली तर मिनिटांच्या हिशेबाला अर्थ राहत नाही. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस खंड पडला तर जुन्या मिनिटांवरून पुढे जाऊ नका, कमी मिनिटांपासून परत सुरू करा.

ऊन झालं की डाग साबणाने धुवा, सनस्क्रीन लावा आणि तो भाग झाकून ठेवा. लोक इथेच सैल सोडतात. धुतल्यावरही कातडीत औषध उरतं, म्हणून पुढचे एक-दोन दिवस जपायचं. काचेतून यूव्हीए आत येतात, ढगांतूनही येतात. गाडीच्या खिडकीशी बसलेल्याला सावलीत असल्याचा नुसता भास होतो. मुली टू-व्हीलरवर स्कार्फ-सनकोट घालतात ते उत्तमच, पुरुषांनीही फुल बाह्यांचा शर्ट घालायला लाजू नये.

लाली लगेच दिसत नाही. ती दोन-तीन दिवसांनी जास्तीत जास्त चढते. म्हणून 'काहीच झालं नाही' म्हणत लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा लावू नका. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, मध्ये अंतर ठेवून. फिकट गुलाबी छटा चालते. लालभडक झालं, दुखलं किंवा फोड आले तर औषध थांबवा, ऊन टाळा, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि डॉक्टर गाठा. फोड फोडू नका.

आणखी एक: कोडावर वापरतात त्या बावची या वनस्पतीतही सोरॅलेनच असतं. पुडीतल्या चूर्णाची किंवा तेलाची ताकद किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. झाडपाल्याचं म्हणून निर्धास्त राहू नका आणि लोशनच्या जोडीला तर मुळीच लावू नका.

रंग परतायला महिने लागतात. आधी केसांच्या मुळांशी ठिपके दिसतात, मग ते पसरतात. चेहरा लवकर दाद देतो. बोटांची टोकं आणि ओठ फार हट्टी. सहा महिन्यांत काहीच फरक नसेल तर मिनिटं वाढवत बसण्यापेक्षा नॅरोबँड यूव्हीबीबद्दल (दवाखान्यात यंत्रातून दिल्या जाणाऱ्या अतिनील किरणांच्या उपचाराबद्दल) विचारा. त्यात डागाला सोरॅलेन लावावं लागत नाही आणि किरणांची मात्रा यंत्रावर मोजून मिळते.